मालक न्यू जर्सीत, घर कोथरूडला

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांचे फोन आले. तिघंही नात्यातले, तिघंही परदेशात, आणि प्रश्न एकच: पुण्यात (एकाचा ठाण्यात) फ्लॅट आहे, भाडेकरू भाडं देत नाही आणि हलतही नाही, काय करायचं? दादाच्या फ्लॅटचं प्रकरण मी निस्तरलं ही बातमी सगळीकडे पोचलेली दिसते. घरातली भाडेकरूतज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झालीय, बिनपगारी. फोनवर तेच तेच सांगून घसा दुखला, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी वकील नाही हं. बँकेत तीस वर्षं नोकरी केली, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे, एवढंच भांडवल.

आधी माझं मत सांगते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना तयारीला वेळ मिळेल. आपल्याकडे कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, म्हणून परदेशातल्या माणसाचं घर अडकतं, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. कायद्यात वेळ जातो, कबूल. पण त्याहून जास्त वेळ जातो तो मालकाला दोन तोंडं असतात म्हणून. एक तोंड तिकडे, एक इकडे. भाडेकरू हुशार असेल तर तो फ्लॅटमध्ये राहत नाही, या दोन तोंडांच्या मधल्या फटीत राहतो.

दादा १९९८ पासून न्यू जर्सीत आहे. कोथरूडचा फ्लॅट १९९९ चा. नाव त्याचं, पण पैशातला मोठा वाटा बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडाचा. त्यामुळे आई त्याला कायम 'माझं घर' म्हणते, आणि भाडं आलं की 'माझं भाडं'. आईला रात्री सोबत म्हणून ज्या मावशी येतात, त्यांचा सोळा हजार पगार त्या भाड्यातून जायचा. दादा डॉलरमध्ये सहज देऊ शकतो, देतोही. पण आईचा हिशेब वेगळा आहे. मुलाच्या पैशावर बाई ठेवणं आणि स्वतःच्या घराच्या भाड्यावर ठेवणं, यात तिच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक.

जून २०२१ मध्ये एका कुटुंबाला २४ महिन्यांच्या करारावर फ्लॅट दिला. पहिल्या वर्षी महिना १८ हजार, दुसऱ्या वर्षी १९ हजार, अनामत ६० हजार. नवरा-बायको, एक मुलगी. चौदा महिने भाडं घड्याळासारखं आलं. ऑगस्ट २०२२ चं आलं नाही.

आता गंमत बघा. भाडेकरूने 'पैसे नाहीत' असं एकदाही म्हटलं नाही. पहिलं कारण फारच सुबक होतं. मालक अनिवासी असेल तर भाडं देणाऱ्याने त्यातून आयकर कापून सरकारजमा करायचा असतो. रक्कम लहान असो की मोठी, आणि दरही थोडाथोडका नाही, तीस टक्क्यांच्या घरात. हा नियम खराच आहे आणि बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसतो. याला तो नेमका पंधराव्या महिन्यात माहीत झाला! 'आमचे सीए म्हणाले टॅक्स कापायला हवा होता, ते क्लिअर होईपर्यंत थांबतो.' मी म्हटलं, कापा आणि उरलेलं द्या. त्यावर, बघतो.

मग त्याने मला फोन करणं बंद केलं आणि दादाला करायला लागला. रविवारी तिकडे सकाळ असताना, म्हणजे दादा निवांत कॉफी घेऊन बसलेला असतो तेव्हा. धंद्यात खोट आलीय, दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या. दादा म्हणाला ठीक आहे. दिवाळी झाली. मुलीची दहावी आहे, मार्चपर्यंत नको. दादा म्हणाला ठीक आहे. मी इथे 'पंधरा दिवसांत भाडं द्या, नाहीतर वकिलाची नोटीस पाठवते' असं सांगून आले की तो शांतपणे म्हणायचा, 'ताई, साहेबांशी माझं बोलणं झालंय.' माझ्या हातात दादाचं नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र आणि त्याच्या हातात दादाचा व्हॉट्सॲप मेसेज. सांगा, वजन कशाला?

दादाला दोष देत नाहीये मी. (दादा, वाचतोयस ना?) दुरून दया पटकन येते. त्याला फोनवर एक अडचणीतला बाप ऐकू यायचा. मला जिन्यात त्याच घरासमोर आलेला नव्या टीव्हीचा खोका दिसायचा. आणि दुरून जशी दया येते तशीच चीडही येते. जानेवारीत दादाचं एकदम टोक बदललं. 'वीज तोड, कुलूप बदल, चार माणसं पाठव, काय खर्च होईल तो देतो.' आमच्या एका परिचितांनी तशी 'माणसं' सुचवलीही होती.

मी साफ नाही म्हटलं. धाडस नाही म्हणून नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ सरळ सांगतं की मालकाने भाडेकरूचं पाणी, वीज यांसारख्या गरजेच्या सोयी तोडायच्या नाहीत. आणि कायद्याची रीत सोडून एखाद्याला घराबाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. म्हणजे भाडं बुडवणारा तो, आणि आरोपीच्या जागी आपण. शिवाय त्या घरात दहावीची मुलगी होती. तिचं त्यात काय चुकलं होतं? पोलिसांकडेही जाऊन आले. 'सिव्हिल मॅटर आहे ताई' असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

'इथे असता तर महिन्यात बाहेर काढला असता,' हे दादाचं पालुपद. एकदा मी बसून वाचलंच. न्यू जर्सीत १९७४ पासून कायदा आहे की कायद्यात दिलेलं सबळ कारण असल्याशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. भाडं न देणं हे त्यातलं एक कारण, पण त्यासाठीही कोर्टातच जायचं, कुलूप आपण बदलायचं नाही. कोविडमध्ये तर तिथल्या गव्हर्नरांनी मार्च २०२० मध्ये घराबाहेर काढण्याची कारवाईच थांबवली होती. हे सगळं मी दादाला पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही :-)

खरं तर आपल्याकडची धास्ती जुनी आहे आणि ती उगाच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, तीही सप्टेंबर १९४० च्या पातळीला धरून. मग १९७३ साली दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लिव्ह अँड लायसन्स चालू होतं, ते सगळे संरक्षित भाडेकरू ठरले. अकरा महिन्यांसाठी म्हणून दिलेली खोली कायमची गेली. आपल्या पेठांमधल्या वाड्यांत महिना तीस-चाळीस रुपये भाडं देणारी कुटुंबं आणि गळकं छप्पर दुरुस्त करायला पैसे नसलेला मालक, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बाबांच्या पिढीने त्यातून एकच धडा घेतला: ओसरी दिली की भट पाय पसरणार, तेव्हा कुलूप लावून ठेवा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १.१ कोटी घरं रिकामी सापडली, त्यांतल्या किती कुलपांमागे ही भीती असेल!

पण तो कायदा आता नाही. भाडी अशी कायमची गोठवणं वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातलं कलम २४ आपल्या कामाचं आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपली की परत करायची. नाही केली तर मालकाने कोर्टात न जाता 'सक्षम प्राधिकारी' नावाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्रावर कारणं देऊन लढायची परवानगी मागायची. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर ताब्याचा आदेश. वर अपील नाही, फक्त फेरतपासणीचा अर्ज, तोही ९० दिवसांच्या आत. आणि मुदतीनंतर जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने. लेखी करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा. मालकासाठी यापेक्षा आणखी किती सोपं करायचं?

मेख कुठे आहे? मेख आहे कलम ५५ मध्ये. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, आपण उलटं सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकालाच दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आलेली आहे. त्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून अकरा महिन्यांना काही अर्थ उरलेला नाही, तरी लोक अकरा आकडा सोडत नाहीत. सत्यनारायणाला सव्वाचा शिरा करतात तसं आहे ते.

आमच्याच घरातलं एक उदाहरण देते. नाव घेत नाही, ज्याचं त्याला कळेल. आखातात नोकरी, ठाण्यात फ्लॅट, 'ओळखीचा माणूस आहे' म्हणून साध्या स्टॅम्पपेपरवर करार, नोंदणी नाही. आता तो ओळखीचा माणूस म्हणतो की मी लायसन्सी नाही, भाडेकरू आहे, आणि भाडं ठरलं होतं सहा हजार. खरं होतं बावीस, पण सोळा रोख दिले जायचे. (रोख का, ते विचारू नका.) दावा चालू आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का असतं आणि नोंदणी घरबसल्या अंगठा लावून होते. त्यासाठी कितीचा फ्लॅट अडकला ते तुम्हीच मोजा.

जाता जाता दोन अफवा. भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, ही पहिली. तो आपल्या परवानगीने राहतोय तोवर नुसत्या वर्षांनी मालकी जात नाही. दुसरी अफवा 'मोदींचा नवा भाडे कायदा'. २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो आदर्श कायद्याचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तो फॉरवर्ड कृपया मला पाठवू नका, आतापर्यंत नऊ वेळा आलाय.

आता मुखत्यारपत्राबद्दल, कारण परदेशातल्या लोकांचं इथेच अडतं. तिकडे केलेलं कुलमुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपॉस्टील करून पाठवायचं आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. ही पायरी विसरली तर ऐन वेळी समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एका निकालात सांगितलंय की मुखत्याराने स्वतः केलेल्या गोष्टींबद्दल तो साक्ष देऊ शकतो, पण जे मालकाने स्वतः केलंय आणि ज्याची माहिती फक्त मालकालाच आहे, त्याची साक्ष मालकाच्या वतीने मुखत्यार देऊ शकत नाही. म्हणजे करार दादाने करायचा, बोलणी दादाने करायची, सवलती दादाने द्यायच्या आणि सांगायला मी उभी राहायचं, हे कायद्यालाही चालत नाही. मला तर त्याआधीपासूनच चालत नव्हतं.

आमच्या करारावर सही माझी होती आणि तो नोंदवलेला होता, म्हणून निभावलं. पण दादाच्या 'ठीक आहे'मध्ये दिवाळी गेली, दहावी गेली. मग निकाल, मग अकरावीचा प्रवेश असं सुरू होणार हे दिसत होतं. त्या काळात एक गोष्ट घडली. आईने मला न सांगता मावशींना एक दिवसाआड यायला सांगितलं. 'भाडं येत नाही ना, मग कशाला रोज?' मला हे कळलं तेही मावशींकडून, तीन आठवड्यांनी. आई तेव्हा त्र्याऐंशीची, रात्री दोनदा बाथरूमला उठणारी. त्या रात्री मी दादाला फोन केला, तिकडे दुपार होती, तो मीटिंगमध्ये होता, तरी त्याला बाहेर यायला लावलं. एवढंच म्हटलं की तू भाडेकरूला जी सवलत देतोयस, ती तुझ्या खिशातून जात नाहीये. आईच्या रात्रींमधून जातेय. आणि सवलत द्यायचीच असेल तर ती कुणी द्यायची हे आधी ठरव. तू देणार असशील तर मुखत्यारपत्र रद्द कर आणि विमान पकड.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, तू ठरव.

एप्रिल २०२३ मध्ये वकीलबाईंकडून नोटीस गेली. ३१ मे ला कराराची मुदत संपली, जूनमध्ये कलम २४ खाली अर्ज. या मधल्या काळात भाडेकरूने दादाला अनेक फोन केले. दादाने एकच वाक्य पाठ केलं होतं: 'ताईशी बोला.' तो माझ्याशी बोलायला आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि सरळ विचारलं, खरं काय ते सांगा. त्याने सांगितलं. धंदा खरंच बसला होता, टीव्ही हप्त्यावरचा होता. मी म्हटलं, मागचं निम्मं सोडते, तीन महिन्यांत घर द्या, लेखी करू. त्याला ते पटलं नाही, कोणी तरी 'एवढ्यात काही होत नाही' म्हणून सांगितलं असावं. समन्स टाळण्यात त्याने बरेच दिवस घालवले. मग वेळेत प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात लढण्यासारखं काही नव्हतं. आदेश आपल्या बाजूने झाला. जानेवारी २०२४ च्या अखेरीला, सक्तीने ताबा घ्यायच्या दोन दिवस आधी, त्याने किल्ल्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवल्या आणि गेला. सगळे बल्ब काढून नेले होते. अकरावीची पुस्तकं तेवढी खिडकीत राहिली होती, ती मी वॉचमनकडून पोचवली.

अर्जापासून किल्लीपर्यंत आठ महिने. भाडं थांबल्यापासून अर्जापर्यंत दहा. कायद्याला शिव्या देणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

पैशाचं म्हणाल तर मुदतीच्या आतलं थकलेलं १ लाख ९० हजार, त्यातून अनामत वजा जाता १ लाख ३० हजार. त्यानंतरच्या आठ महिन्यांचे दुप्पट दराने ३ लाख ४ हजार. कागदावर छान दिसतात. थकलेल्या भाड्यासाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागेल असं वकीलबाई म्हणाल्या, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून काय वसूल करणार? दादा म्हणाला कर दावा. मी म्हटलं, 'तू ठरव' असं कोण म्हणालं होतं? दावा केला नाही.

तर ज्या तिघांनी विचारलं त्यांच्यासाठी: करार नोंदवलेला असेल तर आजच वकील गाठा, भाडेकरूची कहाणी खरी असो वा खोटी. नोंदवलेला नसेल तर घाई करू नका, आधी बँकेतल्या जमा नोंदी, मेसेज, सोसायटीची पत्रं गोळा करा, बावीस हजार होतं हे सिद्ध करायला तेच लागेल. आणि इथे जो कोणी तुमच्यासाठी खेपा घालणार आहे, भाऊ असो, मेहुणा असो की पैसे घेऊन काम करणारा एजंट, त्याला सही करायचा अधिकार देताय तसा भाडं सोडायचा अधिकारही द्या. तो द्यायला जीव होत नसेल तर घर विका. नात्यातला माणूस फुकट राबतो, त्यामुळे त्याचं कोणी ऐकत नाही. भाडेकरूही नाही आणि मालकही नाही.

फ्लॅट आता दोन नर्सेसना दिलाय, दोघी जवळच्याच हॉस्पिटलमध्ये कामाला. करार नोंदवलेला, सही माझी. त्यांच्याकडे दादाचा नंबर नाही. त्यावरून तो आधी थोडा फुरंगटला होता. मग म्हणाला, भाडं आलं की मेसेज तेवढा टाकत जा. तो मी टाकते, दर महिन्याच्या सहा तारखेला, आणि मावशींचा पगार त्याच दिवशी करते.